वर म्हणजे कुठे

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच तासाला मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. पुण्याच्या एका संस्थेतून कुणी तेजस्वी मॅडम येणार आहेत. आठ शनिवार मुलांना डिजिटल नकाशा शिकवणार, आणि शेवटी गावकऱ्यांना बोलावून तो दाखवायचा. भूगोल माझ्याकडे, म्हणून हेही माझ्याकडे. मी म्हटलं, यंदा दुसऱ्या कुणाला द्या. बाई म्हणाल्या, "गायकर सर, कामात राहिलात तर बरं."

सगळे हेच म्हणतात. डॉक्टरही हेच म्हणाले. झोप येत नसेल तर संध्याकाळी जे घडलं ते लिहून काढत जा, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून ही वही.

नकाशा हा शब्द ऐकला की अजून उठून जावंसं वाटतं. तसं का वाटतं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

माझी बायको सगुणा ९ ऑगस्टला गेली. भावाकडे, साखरोणच्या वरच्या वाडीत, चार दिवस राहायला गेली होती. दुपारी छातीत कळ आली. अंबाजीने, तिच्या थोरल्या भावाने, दवाखान्याची गाडी बोलावली. चालक जिल्ह्याबाहेरचा, नवीन. त्याने मोबाईलच्या नकाशात 'वरची वाडी' शोधली आणि नकाशाने त्याला खालच्या वाडीत नेलं, खाडीकाठी. तिथून परत फिरून डोंगर चढेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. गाडीत घेतलं तेव्हा ती बोलत होती. बोर्ली पंचतनच्या दवाखान्यात पोचली तेव्हा बोलत नव्हती. मी शाळेत होतो, नववीचा तास चालू होता.

आम्हाला मूल नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तेजस्वी मॅडम आल्या. तिशीच्या असतील. भराभर बोलतात, पण मुलांना कळेल असं. हा नकाशा खुला आहे, कुणीही त्यात भर घालू शकतं, आणि बऱ्याच मोबाईलमधले नकाशे गावांची नावं इथूनच घेतात, असं त्यांनी सांगितलं. ऋत्विक म्हणाला, "म्हणजे मी माझ्या घराला राजवाडा लिहिलं तर?" मॅडम म्हणाल्या, "लिही. शेजारी येऊन पुसतील." मुलं हसली.

मला खातं उघडायला सांगितलं. मी म्हटलं, माझं जुनं आहे. २०१९ साली अलिबागला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं, तेव्हा काढलेलं, 'भूगोल६८' नावाचं. पासवर्ड आठवेना. मॅडमनी नवीन काढून दिलं.

त्या प्रशिक्षणातलं फारसं काही आठवत नाही. प्रत्येकाला ओळखीच्या पाच-सहा जागांची नावं टाकायला सांगितली होती. माझं दहा मिनिटांत झालं, सगळ्यांच्या आधी. मग मी खाली जाऊन चहा घेतला.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज कोऱ्या कागदावर प्रत्येकाने आपलं गाव काढायचं होतं. साखरोणच्या चौघांनी डोंगर कागदाच्या वरच्या बाजूला काढला आणि खाडी खालच्या. मॅडम म्हणाल्या, "उत्तर कुठे आहे?" प्राप्ती वरच्या वाडीची. ती म्हणाली, "उत्तर खाडीकडं हाय. पण खाडी वर कशी काढायची? पाणी सांडंल ना."

मॅडमनाही हसू आलं. मग मोबाईलवर नकाशा उघडला. पडद्यावर उत्तर वर, म्हणून खाडी वर आणि डोंगर खाली. ऋत्विक बोर्लीचा, त्याने साखरोण कधी पाहिलेलं नाही. त्याने पडद्यावरच्या वरच्या घरांवर बोट ठेवलं. "ही बघ तुझी वरची वाडी. लिहिलंय पण तसंच."

"ती खालची हाय," प्राप्ती म्हणाली.

"वर दिसतेय की."

"तुझ्या फोनात वर. आमी चढून जातो, आमची वर."

मी नेहमीचं वाक्य बोललो. कागदावर वर आणि जमिनीवर वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नकाशात वर म्हणू नये, उत्तर म्हणावं. तीस वर्षं दर जूनमध्ये बोलतो. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडलं. बाहेर जाऊन पाणी प्यायलो. कारण कळलं नाही. बहुतेक उपाशी होतो म्हणून.

पण चूक सापडली हे बरं झालं. दोन वाड्यांची नावं उलटी पडली आहेत. पुढच्या शनिवारी तिथे जाणं नाही जमणार, १४ तारखेला सगळ्यांनी तिथे जाऊन दुरुस्त करायची.

११ डिसेंबर, बुधवार

काल आणि आज काही खाल्लं नाही असं आत्ता लक्षात आलं. भात लावला.

शनिवारी वरच्या वाडीत जावं लागणार. बाराव्यानंतर मी तिथे गेलेलो नाही. अंबाजीचा फोन येतो, "दाजी, जेवायला या," मी कामाचं सांगतो. त्याच्या घराच्या ओटीवरून गाडी आली तो रस्ता दिसतो, एवढंच.

१४ डिसेंबर, शनिवार

सविस्तर लिहितो.

सकाळी बावीस मुलं घेऊन साखरोणला गेलो. खालच्या वाडीत खाडीकाठी जागा नोंदवल्या, मग वर चढलो. प्राप्ती पुढे. प्रत्येक घराशी थांबून मोबाईलवर टिंब द्यायचं आणि घरमालकाला विचारून नाव लिहायचं. मुलांना मजा येत होती. मनुबाई म्हणून ऐंशीच्या आजी आहेत, त्यांनी ऋत्विकला विचारलं, "कसला सर्वे? रस्ता येतोय काय?" तो म्हणाला, "नाही आजी, तुम्हाला नकाशात घालतोय." "मला? आता या वयात?"

अंबाजी विहिरीपाशी उभा होता. आम्ही येणार हे त्याला कळलं होतं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि मॅडमकडे गेला.

"बाई, ते नाव उलटं पडलं व्हतं, ते कुणी टाकलं ते कळतं काय तुमच्यात?"

मॅडमना सगुणाचं माहीत नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "हो काका, प्रत्येक नोंदीचा इतिहास असतो. कुणी, कधी, सगळं दिसतं."

"मग मला सांगा. मला त्याला एकदा समोर बघायचाय. मारायचा न्हाय. नुस्तं विचारायचंय, बाबा, तू हितं कधी आला व्हतास का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. नंतर वाटेत मी त्यांना सगुणाचं सांगितलं.

दुपारी शाळेत प्राप्तीने नावांची अदलाबदल केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने इतिहास उघडला आणि मोठ्याने वाचलं. "वरची वाडी. पहिली नोंद १७ जुलै २०१९. टाकणारा भूगोल६८."

ऋत्विक म्हणाला, "भूगोल नाव आहे आणि दिशा कळत नाय."

सगळे हसले. मीही हसलो असं मला वाटतं. मॅडम त्या वेळी फोनवर होत्या. मी फळ्यावरचं पुसलं, वर्ग सोडला, दुचाकी काढली. घरी आल्यावर कळलं की डस्टर खिशातच आहे.

१५ डिसेंबर, रविवार

आता आठवतं. अलिबागचा हॉल, पंखे, समोर लॅपटॉप. पडद्यावर घरांचे दोन पुंजके, मध्ये रस्ता. एक वर, एक खाली. सासरवाडीची जागा, मला काय बघायची गरज. वरच्यावर वरची वाडी लिहिलं आणि खालच्यावर खालची. डोंगर कुठे, खाडी कुठे, काही पाहिलं नाही. वीसपेक्षा जास्त वर्षं तो चढ चढलो होतो.

मग मी चहा घेतला.

२२ डिसेंबर, रविवार

अंबाजीकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. त्याच्या बायकोने, मैना वहिनींनी, भाकरी आणि सुकट वाढलं. अंबाजी भाताच्या मळणीबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "दाजी, त्या बाईंनी शोधलं काय?"

मी म्हटलं, "चालू आहे."

"शोधू दे. घाई न्हाय."

पाणी पिऊन परत आलो. वाटेत दोनदा दुचाकी थांबवली. परत वळलो नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

आज जे केलं ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

कार्यक्रम १२ जानेवारीला, रविवारी. मॅडमनी मुलांना सांगितलं, लोकांना नोंदीचा इतिहासही दाखवू, म्हणजे त्यांना कळेल की नकाशा आकाशातून पडत नाही, तुमच्याआमच्यासारखी माणसं तो करतात. उदाहरण म्हणून दुरुस्त केलेली वरची वाडीच घेऊ. मोठ्या पडद्यावर. साखरोणचे सगळे येणार.

मी विचारलं, कुणाला जुनी नोंद काढून टाकायची असेल तर? त्या म्हणाल्या, "काढता येत नाही सर, तेच तर चांगलं आहे. फार तर खात्याचं नाव बदलता येतं."

घरी येऊन जुन्या ईमेलवरून पासवर्ड नवीन करून घेतला. आत गेलो. नाव बदलण्याची जागा सापडली. 'भूगोल६८' खोडून 'रहिवासी' लिहिलं आणि बटण दाबलं.

दोन मिनिटं बरं वाटलं. मग उठून हात धुतले.

तसं पाहिलं तर 'भूगोल६८' वरूनही कुणाला काय कळणार होतं? पण माझा जन्म अडुसष्टचा, आणि भूगोल मी शिकवतो. अंबाजी अडाणी नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

रंगीत तालीम. प्राप्ती वरच्या वाडीचा इतिहास उघडून उभी होती. तिथे आता 'रहिवासी' दिसत होतं. तिने ते वाचलं, थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग पान बंद केलं.

"मॅडम, हे उदाहरण नको," ती म्हणाली. "आपण विहिरीचं घेऊ. विहीर सोपी हाय."

मॅडम म्हणाल्या, "अगं, वरची वाडी चांगली गोष्ट आहे."

"विहीर मी नीट सांगंन. वाडीचं मला न्हाय जमणार."

मॅडमनी ऐकलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पोरगी बोलायला घाबरते, तिच्या घाबरण्याचा मला उपयोग झाला. नाव बदललेलं तिच्या लक्षात आलं नाही असं दिसतं.

शाळा सुटल्यावर ती मागे थांबली. "सर, तुमी डबा आणत नाय आता?" मी म्हटलं, भूक नसते. तिने कागदात बांधलेली बोरं टेबलावर ठेवली आणि गेली. माझा आवाज बसला आहे, त्याचं तिला वाटत असेल.

७ जानेवारी, मंगळवार

नववीला चाचणी. प्रश्न मीच काढला होता. नकाशातील दिशा व प्रत्यक्ष भूमीवरील चढउतार यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा. पाच गुण. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतून तसाच उचलला होता, वाचलाही नव्हता. प्राप्तीने तो सोडून दिला आहे. बाकी सगळे प्रश्न सोडवले आहेत.

हुशार मुलगी, हाच प्रश्न का सोडला कळत नाही. मी पेपर बाजूला ठेवला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज ओळखपत्रांसाठी मुलांची यादी लिहीत होतो. प्राप्तीच्या नावाशी आलो आणि हात थांबला. त्या दिवशी 'रहिवासी' वाचूनच तिने पान बंद केलं होतं. नाव बदलायला खातं लागतं. खातं ज्याचं त्यालाच नाव बदलता येतं, हे मॅडमनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना शिकवलं होतं. आणि जुनं खातं 'भूगोल६८' होतं हेही मी त्याच दिवशी, त्याच वर्गात, सगळ्यांसमोर म्हणालो होतो.

म्हणजे तिला १४ डिसेंबरपासूनच माहीत आहे. तेव्हा नाव तिनेच मोठ्याने वाचलं. मग सगळे हसले तेव्हा ती हसली का, आठवत नाही.

चौदा वर्षांची मुलगी महिनाभर माझ्यासाठी तोंड मिटून बसली आहे.

नाव परत 'भूगोल६८' केलं.

११ जानेवारी, शनिवार

शेवटचा वर्ग झाल्यावर थेट साखरोणला गेलो. अंबाजी परड्याचं कुंपण बांधत होता. मैना वहिनी ओटीवर कडधान्य निवडत होत्या.

"बसा दाजी."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. अलिबाग, पडदा, वरच्याला वरची. नाव बदललं होतं तेही सांगितलं. दोन-तीन मिनिटंही लागली नसतील.

अंबाजी ऐकत काठी धरून होता. सुंभाची गाठ अर्धी मारलेली होती, ती त्याने पुरी केली.

"तुमी?" तो म्हणाला.

"हो."

"मी मंबईतला कोणतरी पोरगा समजून व्हतो. मनात त्याचं तोंडबी केलं व्हतं." त्याने गाठ ओढून पाहिली. "तुमी तर तीस वर्सं हितं येताय."

"हो."

"आणि पोरांना भूगोल शिकवताय."

वहिनी म्हणाल्या, "अवो, असू दे. त्यांची बायकू व्हती."

"माझी भन व्हती," अंबाजी म्हणाला. तो ओरडला नाही. मग दुसरी काठी उचलून मला म्हणाला, "घरी जावा आता."

आलो. उद्या येतील का माहीत नाही. उद्या मला बोलायचं आहे. काय बोलायचं ते टाचणवहीत लिहायला बसलो, एक ओळही जमली नाही.

१२ जानेवारी, रविवार

शाळेच्या सभागृहात दीडशेच्या वर लोक. सरपंच, आशा सेविका, दवाखान्याच्या गाडीचे दोन चालकही आले होते, मॅडमनी मुद्दाम बोलावलेले. पडद्यावर साखरोण दिसताच मनुबाई उभ्या राहिल्या.

"ह्यो डोंगर खाली कसा आला गं? न खाडी डोक्यावर? मग भरतीला आमी वरच्या वाडीवाल्यांनी पोहायचं काय?"

हॉल हसला. प्राप्तीने पुढे होऊन त्यांना समजावलं. नकाशा भिंतीवर टांगला म्हणून खाडी वर दिसते, जमिनीवर अंथरला की सगळं जागच्या जागी. तिने खरोखर त्याच नकाशाचा छापील कागद जमिनीवर अंथरला आणि मनुबाईंना त्यावर खाडीकडे तोंड करून उभं केलं. "हां," मनुबाई म्हणाल्या. "आता बराबर हाय. आता मी घराकडं पाठ करून उभी हाय." मी तीस वर्षांत असं शिकवलं नाही.

मग प्राप्तीने विहिरीचं उदाहरण घेतलं. ते संपलं तेव्हा मी माईक मागितला. ती देईना. हळूच म्हणाली, "सर, विहिरीवर झालं सगळं, आता काय राहिलंय?" मी हात पुढे करून उभा राहिलो, तेव्हा दिला.

मी वरच्या वाडीचा इतिहास पडद्यावर उघडला आणि सांगितलं की भूगोल६८ म्हणजे मी. चूक कशी झाली ते सांगितलं. ९ ऑगस्टला काय झालं ते साखरोणच्या लोकांना माहीत होतं, बाकीच्यांसाठी सांगितलं. पस्तीस मिनिटंही सांगितली. डॉक्टरांना मी विचारलं होतं, आधी आली असती तर वाचली असती का. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेही सांगितलं. नाव टाकण्याआधी त्या जागी पाय ठेवा, किंवा तिथल्या माणसाला विचारा, एवढं म्हणून माईक खाली ठेवला. आवाज बसलेलाच होता, मागच्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मुख्याध्यापिका बाई आभाराला उठल्या, तेवढ्यात मागून आवाज आला. अंबाजी दाराला टेकून उभा होता. कधी आला कळलं नाही.

"त्या नकाशात आमच्या घरापातूर गाडीरस्ता दावलाय."

मॅडमनी पडद्यावरचा नकाशा पुढे सरकवला. दाखवलेला होता. पांढरी रेघ थेट घराला लागत होती.

"गाडी विहिरीपाशी थांबते. फुडं पायवाट हाय, पायऱ्या हायत. त्या दिवशी खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. ह्या लोकांना," त्याने चालकांकडे हात केला, "आधीच कळाया पायजे. माणूस विहिरीपाशी आणून ठेवता येतो मग."

एक चालक वहीत काहीतरी लिहून घेत होता.

"काका, तुम्ही दाखवाल आम्हाला ती वाट?" मॅडमनी विचारलं.

"दाजींना धाडा," अंबाजी म्हणाला आणि बाहेर गेला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आठला वरच्या वाडीत पोचलो. अंबाजी विहिरीपाशी उभा होता. बसा म्हणाला नाही, चहा विचारला नाही. मी मोबाईल काढला, तो चालू लागला.

विहिरीपाशी पहिलं टिंब, गाडी इथपर्यंत. फणसाच्या खोडापाशी दुसरं. पायऱ्या सुरू होतात तिथे तिसरं. तेहतीस पायऱ्या, दोन मोडक्या. पायऱ्यांच्या वर वाट दोन दगडांमधून जाते, तिथे रुंदी मोजली. खुर्ची आडवी करावी लागते. त्याने हातांनी दाखवली, दोन्ही हात पसरून, मग वळवून. मी लिहून घेतलं.

तो पुढे पुढे चालत होता. मोबाईलला जागा पकडायला वेळ लागतो, कधी अर्धं मिनिट, कधी जास्त, झाडीत तर फारच. मला वाटलं तो निघून जाईल. पण मी थांबलो की चार पावलांवर पाठमोरा थांबायचा. टिंब बसल्यावर मी "झालं" म्हणायचो, मग पुढचं पाऊल टाकायचा.

घराच्या उंबऱ्याशी शेवटचं टिंब होतं. तिथे आकाश मोकळं आहे, तरी मोबाईलवरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं. तो थांबला. मी थांबलो. आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"झालं," मी म्हटलं.

"नीट बघा," तो म्हणाला. "मी हाय हितं."

मी परत एकदा पाहिलं.